कर्मवीर भाऊराव पाटील : श्रमाच्या भांडवलावर उभे राहिलेले ज्ञानदान

जैन परंपरेने श्रावकाला आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी पहिली दोन दाने समाजाच्या हातून तुलनेने सहज घडतात. भुकेल्याला अन्न दिले की त्याच दिवशी समाधान लाभते, रुग्णाला औषध दिले की त्याचे फळ लवकर दिसते. ज्ञानदानाचे तसे नाही. एका मुलाला शिकवून त्याच्या पायावर उभे करायचे म्हटले की दहा-बारा वर्षांचा खर्च अंगावर घ्यावा लागतो आणि तो खर्च एखाद्या वर्षी थांबला तरी मागची सारी वर्षे वाया जातात.

वैनगंगेच्या खोऱ्यातील पोंभुर्णा परिसराला हा अनुभव नवा नाही. धान, बांबू, मोह आणि तेंदूपाने यांवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुले गावच्या शाळेत हुशारीने शिकतात. पुढील शिक्षणासाठी मूल, बल्लारपूर किंवा चंद्रपूर गाठण्याची वेळ आली की खोलीचे भाडे, खाणावळ आणि पुस्तके यांपाशी अनेकांची वाट अडते. दुसरीकडे याच जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, दुर्गापूरचे औष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि राजुरा-कोरपना भागातील सिमेंट कारखाने उभे आहेत. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शाळा आहे, महाविद्यालय आहे, उद्योगही आहे. गरीब घरच्या मुलाला या तिन्हींतून सुखरूप पार नेणारी व्यवस्था मात्र कोणी तरी घडवावी लागते.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सातारा जिल्ह्यात, अशी व्यवस्था एका जैन शेतकरी कुटुंबातील पुरुषाने शंभर वर्षांपूर्वी घडवली. ते स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. कर्मवीर पद्मभूषण डॉ. भाऊराव पाटील यांचे हे जीवन सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजाने पुन्हा एकदा आठवावे असे आहे.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबली क्षेत्रामुळे हे नाव सर्व जैन बांधवांना परिचित आहे. त्यांचे घराणे मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीचे. पुढे ते सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते आणि आई गंगाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण वेगवेगळ्या गावी झाले. अंगाने धिप्पाड, कुस्ती आणि पोहण्यात पटाईत आणि अन्याय दिसला की गप्प न बसणारा असा त्यांचा पिंड लहानपणीच घडला होता.

वसतिगृहाचे दार बंद झाले

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजात शिक्षणाचे वारे त्या काळी नुकतेच वाहू लागले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. जैन बोर्डिंगची व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे विद्वान, कर्तबगार आणि शिस्तीचे कडक होते.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून मगच भोजनगृहात यावे, अशी बोर्डिंगची अपेक्षा होती. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजाच्या इतिहासातील हा प्रसंग झाकून ठेवण्यासारखा नाही. गरीब विद्यार्थ्यासाठी उभारलेल्या वसतिगृहाचे दारही एखाद्या नियमापोटी एखाद्या विद्यार्थ्याला बंद होऊ शकते, हे त्यातून कळते. त्या दाराबाहेर उभे राहिलेल्या या तरुणाने पुढे जी वसतिगृहे काढली, त्यांत सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीत जेवली. बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांनी भाऊरावांना आश्रय दिला. महाराजांच्या सहवासात बहुजनांच्या शिक्षणाचा ध्यास त्यांच्या मनात पक्का रुजला. शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच मोलाचा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गुंतवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांना अटक झाली, कोठडीत त्यांचा छळ झाला. ज्या गृहस्थाच्या कारकिर्दीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्याच्याविरुद्ध सूड घेण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. उत्तम क्षमा आणि सत्य या दोन धर्मांचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

कंदील, नांगर आणि कारखाना

संसाराची जबाबदारी आल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेण्यास प्रारंभ केला आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. पुढे ते व्यापाराच्या क्षेत्रात उतरले. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांसाठी त्यांनी फिरते विक्रेते म्हणून काम केले.

लोखंडी नांगर विकणे त्या काळी सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणारा शेतकरी नव्या वस्तूकडे संशयाने पाहत असे. विक्रेत्याला गावोगाव जाऊन, प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखवून त्याचा विश्वास संपादन करावा लागे. या भ्रमंतीत भाऊरावांनी ग्रामीण महाराष्ट्र जवळून पाहिला. अंगठा उठवून कर्जाच्या कागदाला मान्यता देणारा शेतकरी त्यांनी पाहिला, गुरांमागे फिरणारी तल्लख मुले पाहिली. विकायला नेलेल्या मालापेक्षा या लोकांना शिक्षणाची गरज अधिक आहे, हे त्यांना पटले. नोकरी सांभाळूनच ते शिक्षणाचे काम करू लागले. त्याआधी १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू केलाच होता. आता नेर्ले आणि काले येथेही वसतिगृहे सुरू झाली.

यानंतरचा टप्पा उद्योग आणि शिक्षण यांच्या भागीदारीचा होता. साताऱ्यातील धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांनी मोठा वाटा उचलला. पाडळी येथे, आजच्या सातारा रोड स्थानकाजवळ, तो कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या नफ्यातील काही भाग गरिबांच्या शिक्षणासाठी मिळावा, या अटीवर भाऊरावांनी आपले कष्ट, ओळखी आणि अनुभव पणाला लावले होते. कारखाना चालू लागला, परंतु शिक्षणासाठी ठरलेला वाटा मिळाला नाही. भाऊराव तेथून बाहेर पडले.

पुढे १९३७ मध्ये हेच कूपर काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, तर त्यानंतर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री झाले. भाऊराव मात्र कोणत्याही पदाच्या वाटेला गेले नाहीत.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर कूपर कारखान्यातील ती रक्कम बुडाली. परंतु त्या बुडीत खात्याने एक मोठी शिकवण दिली. गरीब मुलाचे शिक्षण एका धनिकाच्या मर्जीवर उभे केले, तर मर्जी फिरताच मुलगा रस्त्यावर येतो. भाऊरावांनी पुढील आयुष्यात देणग्या घेतल्या, उद्योजकांची आणि संस्थानिकांची मदतही घेतली. मात्र संस्थेचा पाया त्यांनी अशा भांडवलावर रचला, जे कोणी परत मागू शकत नाही. ते भांडवल म्हणजे विद्यार्थ्याचे स्वतःचे श्रम.

रयत शिक्षण संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक परिषदेच्या प्रसंगी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी प्रजा. नावातच संस्थेचा धनी कोण हे स्पष्ट करून ठेवले होते. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले होते. तरुणपणी लाभलेल्या आश्रयाची ही कृतज्ञ परतफेड होती. सर्व जातींची मुले एकत्र राहताना आणि जेवताना पाहून गांधीजींना विशेष आनंद झाला आणि पुढे त्यांच्याकडून वसतिगृहाला आर्थिक साहाय्यही मिळाले.

लक्ष्मीबाईंचा त्याग

या काळातील खर्चाचा भार कोणी वाहिला, याचा विचार केला की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सुखवस्तू जैन घराण्यातून आलेल्या या माउलीने जुन्या संस्कारांत वाढूनही सर्व जातींच्या मुलांना आपल्या घरात घेतले. त्यांच्या आजारपणात उशाशी बसल्या, त्यांच्यासाठी स्वयंपाक केला. बोर्डिंगमधील धान्य संपले की अंगावरील एकेक दागिना मोडला जाऊ लागला. शेवटी मुलांच्या अन्नासाठी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचे भव्य रूप पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. रयत शिक्षण संस्थेच्या जमेच्या बाजूला पुढे लाखो रुपयांच्या देणग्या लिहिल्या गेल्या, परंतु पहिल्या पानावरची ही नोंद सर्वांत मोठी आहे.

कमवा आणि शिका

लक्ष्मीबाईंचे दागिने संपले तेव्हाच हेही स्पष्ट झाले की एका घराच्या त्यागावर शेकडो मुले शिकू शकत नाहीत. कमवा आणि शिका ही योजना या निकडीतून आकाराला आली. तिचे स्वरूप साधे होते. विद्यार्थ्याने शिक्षणाबरोबर ठरावीक वेळ शारीरिक श्रम करावेत आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात त्याचा भोजनाचा, निवासाचा व शुल्काचा खर्च भागावा. मुले पडीक जमिनीवर कुदळ चालवीत, विहिरी व ताली खणीत, भाजीपाला पिकवीत, आपल्याच शाळेच्या इमारतीसाठी दगड-माती वाहत. स्वयंपाक, पाणी भरणे आणि स्वच्छता ही कामेही तीच करीत. सवर्ण आणि अस्पृश्य, श्रीमंत आणि गरीब असा भेद कामाच्या वाटणीत केला जात नसे.

या योजनेमुळे दोन गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे खर्च आटोक्यात राहिला. दुसरी गोष्ट पैशात मोजता येणारी नव्हती. धर्मादाय अन्नावर शिकणाऱ्या मुलाची मान नकळत खाली जाते. स्वतःच्या कष्टाचे खाऊन शिकणारा मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही. दान घेणाऱ्याचा स्वाभिमान राखून दान कसे करावे, याचे उत्तर भाऊरावांनी या योजनेत दिले.

यानंतर शिक्षणाची साखळी पायरी-पायरीने पूर्ण होत गेली. खेड्यात शाळा काढायची तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण अध्यापक विद्यालय सुरू झाले. तेथे तयार झालेले शिक्षक व्हॉलंटरी शाळांतून डोंगरकपारीच्या गावांत गेले. प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रमाच्या मोबदल्यात मोफत शिक्षण देणारे हे निवासी विद्यालय होते. हायस्कूलच्या पुढची सोय म्हणून जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि कमवा आणि शिका योजना महाविद्यालयात आली. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. एका पायरीवरून सुटलेला विद्यार्थी पुढच्या पायरीवर अलगद झेलला जावा, अशी ही रचना होती.

महाविद्यालयाच्या प्रसंगी एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, परंतु छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव बदलून आपल्या इच्छेचे नाव द्यावे अशी अट घातली. पैशाची नितांत गरज असतानाही भाऊरावांनी ती देणगी नाकारली. देणगीदार पूज्य असला तरी संस्थेची दिशा देणगीने ठरू नये, हा दंडक त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

अनुदान थांबले

महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच काळात, १९४८ मध्ये, सरकारवर केलेल्या स्पष्ट टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. शेकडो शाळा, हजारो मुले आणि शिक्षकांचे पगार अडचणीत आले. चार शब्द मागे घेतले असते तर प्रश्न मिटण्यासारखा होता. भाऊराव नमले नाहीत. ते लोकांकडे गेले आणि सामान्य माणसांनी पैसा व धान्य देऊन संस्था तगवली. पुढे संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या या निरक्षर संताचे पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षणावर हे मोठे उपकार आहेत. कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, त्यामागे हे ऋण आहे.

जीवनाचा ताळेबंद

जाडीभरडी खादी, शुभ्र दाढी आणि अनवाणी पाय असे भाऊरावांचे उत्तरायुष्यातील रूप होते. लोकांनी त्यांना प्रेमाने कर्मवीर ही पदवी दिली. जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले आणि एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. तोवर संस्थेची ३८ वसतिगृहे, साडेपाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा, शंभरावर माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये उभी राहिली होती. भाऊरावांच्या नावावर मात्र संपत्ती म्हणून काही उरले नव्हते.

त्यांच्या वसतिगृहातील एक विद्यार्थी पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच सेवेत रुजू झाले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. कमवा आणि शिका योजना महाराष्ट्रातील विद्यापीठांनी स्वीकारली असून, पुणे विद्यापीठात ती भाऊरावांच्याच नावाने चालते. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे. पारंबी जमिनीला टेकली की तिचेच खोड होते आणि ते वृक्षाला आधार देते. शिकून गेलेला विद्यार्थी संस्थेचा आधार व्हावा, हाच त्याचा अर्थ.

बोध

जंगलपट्ट्यातील गरीब व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी काही करू इच्छिणाऱ्या कोणत्याही ट्रस्टला या चरित्रातून पुरेसे मार्गदर्शन मिळते. शिष्यवृत्तीची रक्कम एकदा हातात ठेवून काम संपत नाही. शाळा, वसतिगृह आणि महाविद्यालय यांची साखळी अखंड राहील याची काळजी घ्यावी लागते. उद्योगाचे साहाय्य अवश्य घ्यावे, परंतु किती विद्यार्थी, किती वर्षे, कोणते प्रशिक्षण आणि किती मानधन हे आरंभीच कागदावर नोंदवून घ्यावे. वसतिगृहाचे दार कोणत्याही जातीच्या मुलाला बंद होऊ नये. आणि घेणाऱ्याला आपल्या कष्टाचे फळ मिळाल्याचे समाधान लाभावे.

यासाठी मोठ्या कारखान्याचीच वाट पाहावी लागते असे नाही. पोंभुर्ण्याच्या बाजारपेठेतील प्रत्येक दुकान, राईस मिल आणि गोदाम महाविद्यालयात जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला रोज दोन तास हिशेब लिहिण्याचे, साठा मोजण्याचे किंवा संगणकावर नोंदी करण्याचे काम योग्य मोबदल्याने देऊ शकते. परीक्षेच्या महिन्यात त्याला सुटी द्यावी आणि मोबदला मात्र चालू ठेवावा. त्या दोन तासांत मुलाचा महिन्याचा खर्च भागेल, व्यवहाराचे शिक्षण मिळेल आणि दुकानाच्या खतावणीत ज्ञानदानाचे एक खाते कायमचे उघडले जाईल.